फुकटची पीएचडी

आमच्या लेआउटमध्ये कुणाचा मुलगा अमेरिकेला निघाला की त्याची हुशारी कर्जाच्या आकड्यावरून ठरते. तीस लाख म्हणजे ठीक. चाळीस लाख म्हणजे पोरात काहीतरी आहे. आणि पन्नास लाखांपायी बापाने शेत गहाण टाकलं असेल तर विद्यापीठ नावाजलेलंच असणार, एरवी बँक एवढे पैसे मोजते का? पेढे वाटताना आई हा आकडा अगदी हळू आवाजात सांगते. पलीकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला ऐकू जाईल इतक्या हळू.

त्यामुळे माझा एक जुना विद्यार्थी फायनान्समधल्या पीएचडीसाठी अमेरिकेत अर्ज करतो आहे, त्याला एक रुपयाही कर्ज काढावं लागणार नाही, उलट विद्यापीठच त्याला दरमहा पैसे देणार आहे, ही बातमी पसरली तेव्हा कुणाला आनंद झाला नाही. काळजी वाटली.

"सर, हे लोक पोट्ट्याले फुकट काहून नेऊन राह्यले?" त्याच्या वडिलांनी मला विचारलं. वडील शेतकरी. गाव सेलडोहच्या अलीकडे, सेलू तालुक्यात. मुलांच्या शाळेसाठी वर्ध्यात घर बांधलं, पण जीव अजून पराटीत, म्हणजे कपाशीत. जन्म शेतीत गेल्यामुळे फुकट मिळालेल्या वस्तूचं बिल मागाहून येतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मी वाणिज्य शाखेचा निवृत्त प्राध्यापक. समजावून सांगणं ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, एमएसच्या पोरांकडून विद्यापीठं पैसे घेतात आणि पीएचडीच्या पोरांना पैसे देतात. फी माफ, वर राहण्याखाण्यापुरतं विद्यावेतन, साधारण पाच वर्षं. बदल्यात प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाची कामं करायची, खालच्या वर्गांचे पेपर तपासायचे, कधी शिकवायचं. म्हणून जागा फार थोड्या असतात. एकेका बिझनेस स्कूलच्या फायनान्स विभागात वर्षाला दोन, तीन, फार तर पाच. आणि त्यासाठी चीनपासून चिलीपर्यंतची पोरं शेकड्यांनी अर्ज करतात.

वडिलांनी शांतपणे सगळं ऐकलं. "म्हंजे सालदार ठेवून राह्यले म्हना की. पाच सालाचा. जेवूनखाऊन."

अमेरिकेतल्या डॉक्टरेटची इतकी नेमकी व्याख्या मला अजून कुठल्या माहितीपुस्तिकेत सापडलेली नाही.

शेजारच्या काकांची अडचण निराळी होती. काका बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी सव्वानऊला आंघोळ उरकून शेअर बाजारापुढे बसणारे. त्यांना या पीएचडीत गुंतवणुकीची संधी दिसली. "पाच वर्षांनी कोणता शेअर घ्यायचा ते बरोब्बर सांगशील ना?"

पोरगा प्रामाणिक. हा त्याचा मोठा दोष. तो म्हणाला, "काका, ते कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्यावर तर सगळा अभ्यास उभा आहे."

"मग शिकतो कायले?"

पोराने सांगून पाहिलं. शिकागोचे युजीन फामा म्हणतात की जी माहिती सगळ्यांना आहे ती भावात आधीच उतरलेली असते, त्यामुळे बाजारावर मात करायला जाऊ नका. 1970 मधला त्यांचा तो लेख आजही पोरांना वाचावा लागतो. येलचे रॉबर्ट शिलर म्हणतात की छे, भाव इतके वरखाली होतात की त्याला शहाणपणाचं कारण देता येत नाही, माणसं हुरळतात आणि घाबरतात. आणि 2013 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना एकत्र मिळालं.

काकांनी चष्मा काढला. "एक म्हणते भाव बरोबर, दुसरा म्हणते भाव चुकीचा, आणि बक्षीस दोघायले?"

"तिघांना. लार्स हॅन्सन म्हणून तिसरे आहेत. असल्या सिद्धांतांचा आकडेवारीशी मेळ बसतो की नाही, हे तपासायची पद्धत त्यांनी काढली."

"तो पंच होय," काका म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं. फायनान्स या विषयात पंचाला खेळाडूंइतकंच बक्षीस मिळतं, एवढी एक गोष्ट त्यांनी त्यातून घेतली आणि ते बाजाराकडे परत वळले.

अर्ज सुरू झाले. अमेरिकेतल्या अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास असते आणि ती परत मिळत नाही. वडिलांनी पहिल्याच दिवशी भाव लावला: एक अर्ज म्हणजे सव्वा क्विंटल कापूस. त्यानंतर घरात विद्यापीठांची नावं कुणी घेतलीच नाहीत. "आज सव्वा क्विंटल भरला," एवढंच ऐकू यायचं.

फॉर्ममधल्या चौकटी बहुधा जॉन स्मिथ नावाच्या, पाच आकडी पिनकोडच्या गावात राहणाऱ्या माणसासाठी आखलेल्या असतात. वर्ध्याचा 442001 त्यात एका आकड्याने जास्त होतो. एका फॉर्ममध्ये पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव लिहायला तीस अक्षरांची जागा होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ इंग्रजीत लिहायला घेतलं, तर तीस अक्षरं 'महाराज'च्या पुढच्या 'एन'वर संपली. म्हणजे तिकडच्या समितीला दिसलं असेल की हा मुलगा कुणी एक महाराज एन. यांच्याकडे शिकला. भारतातून आलेला अर्ज असल्याने त्यांना त्यात वावगंही वाटलं नसेल. गुणपत्रिकेचं दुखणं तर सर्वांनाच ठाऊक आहे. आमच्या वेळी बी.कॉम.ला साठ टक्के पडले की फर्स्ट क्लास म्हणून पाहुण्यांना बोलवायचे. तिकडे साठ टक्के पाहिले की मुलाला बरं नव्हतं का, असं विचारतात. शिवाय त्यांना गणित हवं असतं, तेही आमचं व्यापारी गणित नव्हे. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, इकॉनॉमेट्रिक्स. पोराने पुण्याला एम.ए. करताना ते सगळं वेगळं बसून केलं होतं, म्हणून निभावलं.

पण खरी गंमत जीआरईच्या दिवशी झाली. ही परीक्षा आता घरबसल्या देता येते, आणि 2023 पासून ती आखूडही केली आहे, दोन तासांच्या आत आटोपते. घरबसल्या म्हणजे सोय, असं आपल्याला वाटतं. नियम वाचले की कळतं, ज्याने ते केले त्याने हिंदुस्थानातलं घर पाहिलेलं नाही. खोलीत परीक्षार्थी सोडून दुसरं माणूस नको. दार बंद हवं. टेबल-खुर्ची हवी, पलंगावर, सोफ्यावर बसून परीक्षा देता येत नाही. सुरू होण्याआधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, आणि पुढे परीक्षा संपेपर्यंत समुद्रापार कुठेतरी बसलेला परीक्षक तुमच्याकडे बघत राहणार.

त्या घरात कडी लागेल असं दार एकाच खोलीला होतं. आणि त्या खोलीत कापूस होता.

हे बाहेरच्यांना थोडं सांगावं लागेल. 2021 च्या दिवाळीत वडिलांनी कापूस आठ हजाराने विकला आणि मोकळे झाले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, 2022 मध्ये, तोच भाव दहा हजाराच्या वर गेला. आठ हजार हा चांगला भाव होता, पण त्या दिवसापासून तो त्यांना नुकसानीचा वाटू लागला. तेव्हापासून दहा हजार आल्याशिवाय विकायचं नाही, असा त्यांचा पण आहे. त्यांचा एकट्याचा नाही. पुढच्या हंगामात अर्ध्या विदर्भाने उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात ठेवला, भाव उतरत गेला आणि माणसं रात्रभर अंग खाजवत बसली. 2024-25 साठी लांब धाग्याचा हमीभाव 7521 रुपये होता. वडिलांच्या लेखी ती रक्कम म्हणजे नुसती बोलणी सुरू झाल्याची खूण होती. तर पहिल्या दोन वेच्यांचा कापूस त्या खोलीत छताला टेकायला एक हात कमी एवढा रचून ठेवला होता.

मी ओट्यावर पहाऱ्याला. आजीला आत जाऊ द्यायचं नाही, हे मुख्य काम. कारण नातू दोन तास उपाशी बसणार ही कल्पना तिला सहन होत नव्हती आणि ती दर थोड्या वेळाने बशीत काहीतरी झाकून आणत होती. आतलं बोलणं ऐकू येत होतं. पोराने कॅमेरा फिरवला. भिंत, खिडकी, टेबल. मग परीक्षकाचा आवाज आला, हे पांढरं काय आहे?

"कॉटन."

थोडी शांतता.

"किती?"

"साधारण बावीस क्विंटल, मॅडम."

नियमावलीत फोनवर बंदी होती, घड्याळावर होती, पुस्तकांवर होती. कापसाबद्दल एक शब्द नव्हता. बाई नियमाने वागणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, त्याच्या आत किंवा मागे कुणी दुसरी व्यक्ती नाही ना? तसं दाखवा. पोराने गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून मांजर बाहेर पडली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि पुन्हा आत गेली. मांजर ही व्यक्ती होते का, यावर काही वेळ गेला असावा. अखेर परीक्षा सुरू झाली. मधे नगरपालिकेची कचरागाडी भोंग्यावर गाणं लावून गेली. तेव्हा इंग्रजी शब्दसंग्रहाचा विभाग चालू होता, आणि कठीण शब्दांचे अर्थ त्या चालीवर कायमचे पाठ झाल्याचं पोरगा सांगतो. कापसामुळे पाठीला खाज सुटली होती. पण सारखा हात मागे गेला तर परीक्षकाला भलताच संशय यायचा, म्हणून बिचाऱ्याने शेवटचा गणिताचा विभाग खुर्चीच्या पाठीला पाठ घासत सोडवला. गणितात त्याला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. खाजेचा यात काही वाटा असेल तर संशोधन व्हायला हरकत नाही.

ध्येयपत्राचं काम मात्र लवकर उरकलं. तुम्हाला हेच का शिकायचं आहे, इथेच का शिकायचं आहे, हे दोन पानांत लिहून द्यायचं. पहिला मसुदा शाळेतल्या 'माझे ध्येय' निबंधासारखा झाला: लहानपणापासून मला वित्तीय बाजारांची आवड होती. मी विचारलं, कुठल्या? सेलूच्या आठवडी बाजाराची? पोराने तो फाडला आणि जे डोळ्यांपुढे होतं ते लिहिलं. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये दाखवून दिलं होतं की लोक फायद्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. याने लिहिलं की आमच्याकडे हे शेअरबाबत होत नाही, ज्यावर मी झोपतो त्या मालाबाबत होतं. धरून ठेवायला व्याज लागतं, जागा लागते, त्वचाही लागते, तरी शेतकरी धरतो, आणि हा मूर्खपणा आहे की हिशेब, हे मला शोधायचं आहे. मला ते एकदम पटलं. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "याच्यात माह्यं नाव आहे काय?"

"नाही बाबा. नुसतं 'एजंट' म्हटलं आहे."

"मी एजंट? दलाल म्हटलं मले?"

ते प्रकरण निवळायला दोन दिवस लागले.

या सगळ्यात काकांचा एकच प्रश्न पहिल्यापासून चालू होता. "तिकडे कोणाची ओळख आहे का?" पोरगा दरवेळी सांगायचा, काका, तिकडे ओळख चालत नाही, सगळं गुणवत्तेवर असतं. आणि मग एक दिवस काकांच्या हाती अर्जाच्या कागदपत्रांची यादी पडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: शिफारसपत्रं, तीन.

काका ती यादी घेऊन लेआउटभर फिरले. मी म्हणतो, त्यांचं फारसं चुकलं नाही. फायनान्सच्या पीएचडीत हे पत्र कुणाचं आहे याला फार वजन असतं. समितीतल्या माणसाने ज्याचे लेख वाचले आहेत, ज्याच्याबरोबर परिषदेत चहा घेतला आहे, त्याने 'पोरगा चांगला आहे' म्हटलं की अर्ज ढिगातून वर येतो. आपण याला वशिला म्हणतो आणि वर लाजतो. ते त्यासाठी पोर्टल बनवतात आणि पासवर्ड देतात.

आणि हे काही आजचं नाही. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन नावाचे सार्वजनिक वित्ताचे बडे प्राध्यापक होते. बडोद्याच्या महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध 1925 मध्ये छापून आला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. त्याआधी 1920 मध्ये बाबासाहेब लंडनला शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हा याच सेलिग्मननी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं आणि फॉक्सवेलनी पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कचेरीला लिहिलं. बाबासाहेबांना कुणाच्या पत्राची गरज होती असं नाही. पण पत्र होतं.

दुसरा विद्यार्थी तर आमच्या वर्ध्याचाच, निदान पुढे झाला. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे. लंडनला हिशेबतपासनीस होऊन आलेले, मुंबईत स्वतःची फर्म चालवणारे. मग अमेरिकेत सिरॅक्यूजला 1928 मध्ये पदवी घेतली आणि कोलंबियात सेलिग्मन यांच्यापुढे बसून, हिंदुस्थानच्या दारिद्र्याला सरकारी जमाखर्च कसा कारणीभूत आहे, यावर प्रबंध लिहिला. तो छापायचा म्हणून 1929 च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. अंगावर विलायती थाटाचे रेशमी कपडे, हातात काठी. वेळेच्या आधी पोचले, म्हणून झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत काततो आहे ते काठीवर रेलून पाहत उभे राहिले. चरखा त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता. काही वेळाने म्हाताऱ्याने बोळक्या तोंडाने हसून विचारलं, तुम्हीच कुमारप्पा का?

आमच्या पोराच्या मुलाखती झूमवर रात्री अकरा वाजता व्हायच्या, वर कोट, खाली पायजमा अशा. पण प्रवेशपरीक्षा म्हणून मला ही साबरमतीची जास्त आवडते. प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमाने छापून आला, कुमारप्पांना मातर तालुक्यातल्या खेड्यांची पाहणी करायला धाडण्यात आलं आणि 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन बसले. पुढे तुरुंगात त्यांनी स्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. 1945 च्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हटलं. तीच त्यांची डॉक्टरेट. ना जीआरई, ना शंभर डॉलर, मार्गदर्शक एकच, आणि तोच कुलगुरू. नंतर कुमारप्पा काही काळ सेलडोहला आश्रम करून राहिले होते. म्हणजे आमच्या पोराच्या गावापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर कोलंबियात फायनान्स शिकलेला माणूस राहून गेला. गावात चौकशी केली. एका म्हाताऱ्याने सांगितलं की असा एक जण होता खरा, पण तो शेती करायचा.

तर तिसरं पत्र माझं होतं. पहिली दोन पुण्याच्या अशा प्राध्यापकांची, ज्यांची नावं तिकडे कुणाला तरी ठाऊक असतील. माझं नाव वर्ध्याच्या बॅचलर रोडच्या पुढे कुणाला ठाऊक नाही. त्या पत्राने समितीच्या तराजूत काय फरक पडणार, हे मला आणि पोराला दोघांनाही माहीत होतं, पण बी.कॉम.चं एखादं पत्र हवंच होतं आणि निवृत्त माणसाला वेळ असतो.

पोर्टलने आधी माझ्या जीमेलवर संशय घेतला. संस्थेचा पत्ता द्या म्हणालं. निवृत्त माणसाची संस्था म्हणजे घर, आणि तिचा ईमेल बायकोच्या फोनवर. मग एक तक्ता आला: या विद्यार्थ्याला तुम्ही कुठे बसवाल? पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत? माझ्या वर्गात एकशे वीस मुलं होती. त्यांचा एक टक्का म्हणजे एक पूर्ण विद्यार्थी आणि दुसऱ्याचा पाचवा हिस्सा. तो हिस्सा कोणत्या बाजूने कापायचा, यावर मी एक दुपार घालवली.

मजकुराचा प्रश्न याहून अवघड. आमच्या पिढीने जन्मभर एकच इंग्रजी वाक्य लिहिलं: टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, ही बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर. पाच ओळी, शिक्का, सही. अमेरिकेला कॅरॅक्टरशी देणंघेणं नाही, त्यांना किस्से हवेत. पत्र गोपनीय असतं, ते आपण वाचणार नाही असं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं, आणि पोराने ते पाळलंही. बाकी सगळ्यांनी वाचलं. काकूंनी सुचवलं की मुलगा निर्व्यसनी आहे हे घाला. मी म्हटलं, दारूबंदीच्या जिल्ह्यात निर्व्यसनी असणं म्हणजे नुसतं कायद्याचं पालन झालं, त्यात त्याचा काय गुण? आजीचा निरोप होता की डब्यातलं काही टाकत नाही, हे लिहा.

मी एकच गोष्ट लिहिली. दुसऱ्या वर्षाला व्याजाचा धडा चालू होता. मी अभिमानाने सांगितलं, शेतकऱ्याने पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत ते त्याला शून्य टक्क्यांनी पडतं. केंद्राची सवलत आणि वर आपल्या राज्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना. मागच्या बाकावरून हा उठला. "सर, आमचे बाबा दरवर्षी नवं-जुनं करतात. मार्चअखेर बँकेचे दोन लाख भरायला गावातून महिना शेकडा पाचाने आणतात. बँक आठ-दहा दिवसांत नवं कर्ज देते, ते आणून गावात भरतात. पण गावातला माणूस व्याज पुऱ्या महिन्याचं घेतो. दहा हजार. मग दोन लाखांवर वर्षाला दहा हजार म्हणजे शून्य टक्क्यांचं कर्ज पाच टक्क्यांना पडलं ना?"

वर्ग हसला. मी फळ्यावर शून्य लिहिलं होतं, ते पुसून पाच केलं. हेच पत्रात लिहिलं आणि खाली म्हटलं की माझ्या नोकरीत व्याजदर विद्यार्थ्याने वाढवल्याची ही एकमेव घटना आहे.

उत्तरं यायला लागली. अमेरिकन नकार वाचताना आपण नक्की कुठे पडलो हे कळत नाही. यंदा अर्ज विक्रमी आले, तुमचा अर्ज समितीने आदराने वाचला, तुमच्या वाटचालीला शुभेच्छा. काकूंना मजकूर मराठीत सांगितला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "किती चांगली माणसं आहेत! पण नाही कुठे म्हटलंय?" शेवटून दुसऱ्या ओळीत, काकू. एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागलं. मग तर काय, काकांना पुन्हा स्फुरण चढलं. आमदारांचं पत्र लावू या का? कन्फर्म होण्याचे चान्स किती? कुठला कोटा असतो का? पोराने सांगितलं की 15 एप्रिल ही मुलांनी आपला होकार-नकार कळवायची तारीख असते. वरची मुलं दुसरीकडे गेली की खालच्यांना त्या सुमारास बोलावतात.

मिडवेस्टमधल्या त्या विद्यापीठातून फोन आला तो 14 तारखेला संध्याकाळी. वर्ध्यात 14 एप्रिलच्या संध्याकाळी फोनवर बोलणं म्हणजे काय, हे इथल्याने समजून घ्यावं. जयंतीची मिरवणूक रस्त्यावर, निळे झेंडे, ढोल, डीजे, खिडक्यांची तावदानं थरथरत असलेली. पोरगा फोन कानाला लावून आधी घरात पळाला, मग मोरीत, आणि शेवटी कापसाच्या गंजीत डोकं खुपसून उभा राहिला. तिथे जरा बरं ऐकू आलं. तिकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, मागे काय चाललं आहे? हा ओरडून म्हणाला, सेलिग्मनच्या विद्यार्थ्याची जयंती! त्यांना काय समजलं देव जाणे. त्यांनी सांगितलं की जागा आहे, तुमचं उत्तर ईमेलने कळवा.

रात्री बैठक बसली. विद्यावेतन वर्षाला चाळीस हजार डॉलर. पोराने पंच्याऐंशीने गुणून रुपये सांगितले, चौतीस लाख. वडिलांचा चेहरा हलला नाही.

"क्विंटल सांग."

पोराने मोबाइल काढला. "हमीभावाने साडेचारशे क्विंटल."

"हमीभावानं कोन इकते? दहा हजारानं लाव."

"मग तीनशे चाळीस."

वडिलांनी मनातल्या मनात पराटी उभी केली. "म्हंजे चाळीस-बेचाळीस एकर. ओलीत पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरा सालदार हाय, सर."

"बाबा, पण दहा हजार हा भाव बाजारात नाहीच आहे. सात हजाराच्या आसपास आहे. तो धरून हिशेब करता येत नाही."

"मी कुठं म्हटलं आज हाय म्हनून? तू जा. पाच साल नीट शिकून ये, अन् भाव कवा येते ते मले सांग. तवरोक मी इकत नाही."